माने गुरुजींची मिशी

माने गुरुजी वर्गाला कधी पाठ दाखवत नाहीत. फळ्यावर लिहितात तेही खेकड्यासारखं, अंग तिरपं, तोंड मुलांकडे. ओळी चढाला लागतात आणि अर्धा खडू सदऱ्यावर जातो. मुरुम गावाजवळच्या आमच्या शाळेची मी मुख्याध्यापिका. फळा नीट पुसून घेणं माझ्या रोजच्या यादीत असतं, सदऱ्याला मी काय करणार?

हे सगळं पहिल्या बाकावरच्या सुनीतासाठी. तिला ऐकू येत नाही, ओठ बघून ती बोलणं ओळखते. वर्गात कुणाला बोलायचं असेल तर आधी हात वर, मग तिची मान वळेपर्यंत थांबायचं. "तोंड दाखवा, मग बोला!" हे गुरुजी मलाही ऐकवतात.

सुरुवातीला मात्र एवढं करूनही तिला काही कळेना. तिचे वडील विठोबा, मेंढरं राखणारे, शाळेत आले.

"बाई, पोरगी नुस्ती बघत बसतीय. उद्यापासनं मेंढरामागं येईल."

ते गेल्यावर गुरुजी उठले. ऑफिसातल्या आरशासमोर उभं राहून त्यांनी एक धडा वाचला. आरशात नुसती झुपकेदार मिशी हलत होती.

सकाळी मिशी गायब.

आमच्याकडे बाप गेल्याशिवाय मिशी उतरवत नाहीत. शाळा सुटेपर्यंत गुरुजींच्या दारात गाव गोळा झालं, विठोबाही. ओट्यावर गुरुजींचे वडील, आबा, तंबाखू मळत बसलेले.

"कोण गेलं रं?" त्यांनीच विचारलं.

गुरुजी आले. "कुणी न्हाय गेलं. विठोबा, तुमच्या पोरीला माझे ओठ दिसंनात, म्हणून काढली."

"बाप जिता असताना!" आबा कडाडले. "मग म्या मेल्यावर काय काढणार हाईस?"

विठोबा खाली मान घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी सुनीता बाकावर होती. वरच्या ओठावरून बोट फिरवायचं, म्हणजे माने गुरुजी, हे नाव तिनंच पाडलं. आता सगळी शाळा त्यांना तशीच हाक मारते.

यंदा आबा खरंच गेले. न्हाव्यानं गुरुजींचं डोकं केलं. वस्तरा ओठापाशी येऊन थांबला. तिथं काढायला काही उरलं नव्हतं.

तेरावं उरकून गुरुजी वर्गात आले. सुनीतानं ओठावरून बोट फिरवलं आणि हात छातीवर ठेवला. गुरुजी खडू घ्यायला वळले ते तसेच राहिले, सगळ्या वर्गाला पाठ करून.

सुनीता उठली आणि फळ्यापाशी जाऊन त्यांच्या समोर उभी राहिली.