लढाऊ समाज

गोरक्ष गोधडी पांघरून समाजाला हाक मारत होता, आणि ऐन आवेशाच्या वाक्यावर कुकरची शिट्टी झाली.

"आई, गॅस बंद कर ना! रेकॉर्डिंग चालू आहे!"

"डाळ कच्ची राहील," फुलाबाई ओट्यापासूनच म्हणाल्या. "तुझा समाज थांबेल. वरण थांबायचं नाही."

गोधडीचं कारण आवाजाचं होतं. नाशिकच्या सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत पंखा कुरकुरायचा, खाली भाजीवाला ओरडायचा आणि शेजारच्यांची मिक्सरशी मैत्री होती. कुणीतरी सांगितलं होतं की डोक्यावरून जाड पांघरूण घेतलं की आवाज स्वच्छ येतो. म्हणून गोरक्षने आजोळची गोधडी डोक्यावरून घेऊन, तोंड तेवढं मोबाइलसमोर बाहेर काढलं होतं. आपण साधारण तापातून उठलेल्या माणसासारखे दिसतोय, हे त्याला पडद्यावर दिसत होतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून कुणी चॅनेल बघणार नव्हतंच. लोकांनी खेळ बघायचा होता.

खेळ म्हणजे टीव्हीवरच्या मारामारीचा. दोघांनी हातात एकेक कंट्रोलर घ्यायचा, एकेक लढवय्या निवडायचा आणि एक आडवा होईपर्यंत गुद्दे, लाथा, पकडी चालू ठेवायच्या. परदेशात या खेळाची मोठमोठी संमेलनं भरतात. तिथले खेळाडू स्वतःला कम्युनिटी म्हणवतात. नाशिकमध्ये ही कम्युनिटी दोन माणसांची होती. एक गोरक्ष, अंबडच्या कारखान्यात मालाची तपासणी करणारा. दुसरा उमर, द्वारका चौकाजवळच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करणारा, मूळचा मालेगावचा. दर रविवारी दुपारी गोरक्षच्या घरी ही कम्युनिटी पूर्ण संख्येने जमायची, आणि तिच्यातला अर्धा भाग, म्हणजे गोरक्ष, संध्याकाळपर्यंत हरत राहायचा.

आता उमर चुलत्यांच्या धंद्यात सुरतला जाणार होता. मागे उरणार होतं टीव्हीला जोडायचं खेळाचं मशीन. मशीनशी खेळता येतं, पण मशीन जिंकल्यावर चिडवत नाही, भजी मागत नाही आणि "अजून एक, शेवटची" असंही म्हणत नाही. गोरक्षला चिडवायची संधी तशीही मिळत नसे, पण चिडवून घ्यायलासुद्धा समोर माणूस लागतं. ते माणूस सापडावं म्हणून त्याने चॅनेल काढायचं ठरवलं होतं. शिकवायला आपल्याला काय येतं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही, कारण उत्तर माहीत होतं.

इतर चॅनेलवाले "हॅलो कम्युनिटी" म्हणून सुरुवात करायचे. आपण अस्सल मराठीत बोलायचं, असं गोरक्षने ठरवलं. कम्युनिटीला समुदाय म्हणावं असं एकदा मनात आलं, पण तो शब्द ऐकला की त्याला नागरिकशास्त्राचं पुस्तक आठवून जांभई यायची. मग त्याला साधा, घरचा, सगळ्यांना कळणारा शब्द सापडला. समाज! त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं, आणि तिथेच घोटाळ्याचा पाया घातला गेला.

वरण झालं. गोरक्षने पुन्हा गोधडी सावरली आणि सुरुवात केली.

"नमस्कार समाजबांधवांनो! आपला लढाऊ समाज आज विखुरलेला आहे. आपली मुलं घराघरांत एकेकटी लढताहेत. त्यांना कुणी विचारत नाही, कुणी शिकवत नाही. मी स्वतः आयुष्यभर हरत आलोय. पण आता बास! एकत्र या. नाशिक जिल्ह्यातला समाज एक झाला, तर पुण्या-मुंबईच्यांची आपल्याला पाडायची हिंमत होणार नाही!"

यापुढे खेळ सुरू होत होता. 'पैलवान' या जाड्या लढवय्याला घेऊन समोरच्याला कोपऱ्यात कसं दाबायचं, हे गोरक्षने सविस्तर दाखवलं होतं आणि दाखवता दाखवता तीनदा मार खाल्ला होता.

व्हिडिओ चढवला. पहिल्या दिवशी तो गोरक्षने पाहिला, उमरने पाहिला आणि कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर पुन्हा गोरक्षने पाहिला. उमरने खाली लिहिलं, "भाय, हे जिंकायला शिकवतोस की हरायला?" तिकडे फुलाबाईंनी मुलाचं कौतुक म्हणून तो व्हिडिओ हात जोडलेल्या चिन्हासकट आपल्या स्टेटसला लावला. स्टेटसमध्ये बसतो तेवढाच भाग बसला. मारामारी सुरू व्हायच्या आत तो संपत होता.

त्यामुळे चांदवडच्या मावशीपासून तिच्या पिंपळगावच्या व्याह्यांपर्यंत सगळ्यांनी जे पाहिलं ते असं: फुलाबाईंचा गोरक्ष, अंगावर शाल, चेहऱ्यावर जागरण, आणि डोळ्यांत समाजाची कळकळ. शालीला ठिगळं होती, पण तेही साधेपणात जमा झालं. ज्याने त्याने तो पुढे पाठवला.

चार दिवसांनी गोरक्षला फोन आला.

"मी पिंपळगाव बसवंतहून सावळीराम आप्पा बोल्तोय. मंडळाचा अध्यक्ष. तुमचा व्हिडिओ पाहिला राव. लय भारी बोल्ला. समाज इखुरलेलाच हाय!"

गोरक्ष उडालाच. "तुम्ही… तुम्ही आपल्या समाजातले?"

"मंग? तीस वर्सं काम करतोय समाजाचं."

तीस वर्षं! तेव्हा तर खेळाच्या दुकानात नाणी टाकून खेळायचे. गोरक्षला एकदम नम्र वाटू लागलं. "पण आप्पा, आपला म्हणजे लढाऊच ना?"

"आपल्याएवढा लढाऊ समाज दुसरा हाय का कुठं? येत्या रविवारी मेळावा ठेवलाय. प्रमुख पाहुणे म्हणून तुम्ही यायचं. शे-दोनशे पोरं-पोरी येतीन. चांदवडची वेगळी."

"चांदवडमध्येही आहेत?"

"चांदवडात तर घरटी एक हाय! पोरं बिचारी वर्सानुवर्सं जोडीची वाट बघत्यात. एकमेकांसमोर आली म्हंजे जोड्या लागतीन."

"अगदी माझ्या मनातलं बोललात," गोरक्ष भारावून म्हणाला. "मीही जोडीसाठीच धडपडतोय. मोठा पडदा आहे का तिथे?"

"हाय ना. एकेकाला पडद्यावर दावायचं, म्हंजे सगळ्यांना नीट बघता येतं."

"मग कंट्रोलर मी आणतो."

"कंट्रोल करायला आपले कार्यकर्ते हायेत. तुम्ही फक्त या."

गोरक्षने आईला सांगितलं, तेव्हा ती खेळाच्या नावाने बोटं मोडेल असं त्याला वाटलं होतं. पण फुलाबाई म्हणाल्या, "जा की. मीपण मावशीबरोबर येते. निळा शर्ट घाल, इस्त्रीचा. आणि दाढी कर." आईलाही शेवटी खेळाचं महत्त्व पटलं, या विचाराने तो रात्री नीट झोपला नाही.

रविवारी पाठीवर खेळाच्या मशीनची पिशवी घेऊन गोरक्ष आणि उमर मोटरसायकलवरून पिंपळगावला पोहोचले. मंगल कार्यालयाच्या दारातच कार्यकर्त्यांनी दोघांना फेटे बांधले आणि अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. आत खुर्च्या गच्च भरल्या होत्या.

"गोरख," उमर हळूच म्हणाला, "ही पोरं तर मम्मी-पप्पांना घेऊन आलीत."

"पाठिंबा रे, पाठिंबा! आणि आपण म्हणतो, गावाकडे लोक मागे आहेत."

"और मुली बघ. सगळ्या साड्या नेसून."

"एवढी मोठी स्पर्धा म्हटल्यावर नटणारच."

शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाईंनी उमरला आपादमस्तक न्याहाळलं. "कुठले म्हनायचे तुम्ही?"

"मालेगाव, मावशी."

"शेती किती?"

"शेती नाही. घरचे माग आहेत."

"चांगलंय. पत्रिका आणली?"

"पत्रिका नाही, कंट्रोलर आणलेत," उमर अदबीने म्हणाला.

इतक्यात पडदा उजळला. एका मुलीचा फोटो आला. खाली लिहिलं होतं: हर्षाली, बी.कॉम., स्वभाव शांत, आवड रांगोळी.

"लढवय्ये निवडायचा पडदा!" गोरक्ष थरारला. "माणसांचे फोटो टाकलेत. काय डोकं लावलंय!"

"पण हिची ताकद किती ते लिहिलं नाही," उमर म्हणाला. मग त्याने खालची ओळ वाचली. "अपेक्षा: मुलगा निर्व्यसनी, कायम नोकरी… भाय, हा शादीचा मामला दिसतोय."

गोरक्ष काही बोलणार, तोच पडद्यावर पुढचा फोटो आला. निळा शर्ट, इस्त्रीचा. नाव गोरक्ष. आवड: समाजसेवा. त्याने पहिल्या रांगेत पाहिलं. फुलाबाई मोठ्या एकाग्रतेने छताकडे बघत पदर सारखा करत होत्या.

पळून जावं असं त्याला फार वाटलं. पण डोक्यावर फेटा होता आणि दारात आप्पा होते. शिवाय माईकवरून त्याचंच नाव पुकारलं जात होतं. "समाजाचा बुलंद आवाज" असं म्हणत आप्पांनी त्याला स्टेजवर ओढला आणि समोरची दोनशे माणसं टाळ्या वाजवू लागली.

गोरक्षने माईक धरला. गोधडी नसल्यामुळे आवाज फारच घुमला.

"माफ करा," तो म्हणाला. "माझी चूक झाली. मी म्हणत होतो तो समाज हा नव्हे. म्हणजे, हा चांगलाच आहे. पण मी खेळाबद्दल बोलत होतो. टीव्हीवर मारामारीचा खेळ असतो, तो खेळणाऱ्यांचा आमचा समाज. त्यात आम्ही दोघंच आहोत. एक मी, आणि एक तो खाली बसलाय, मालेगावचा उमर. तो पुढच्या महिन्यात सुरतला चाललाय. मग मी एकटा राहणार. एकट्या माणसाचा समाज होत नाही हो. म्हणून मी हाका मारत होतो. आणि ती शाल नव्हती, गोधडी होती."

कुणाच्या तरी मांडीवरचं पोर रडायला लागलं. फुलाबाईंनी पदर पूर्ण तोंडावर घेतला. आप्पांनी मात्र तीस वर्षं सभा सांभाळल्या होत्या. त्यांनी माईक काढून घेतला.

"म्हंजे कुस्तीच ना?"

"हो. पडद्यावरची."

"मंग यात लाजायचं काय? जेवणाला अजून टाइम हाय. लावा तुमचं मशीन." आणि त्यांनी खणखणीत आवाजात, रस्त्यापलीकडच्या टेम्पोवाल्यांनाही ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आजच्या मेळाव्यातली पहिली जोडी! नाशिकचे चिरंजीव गोरक्ष आणि मालेगावचे चिरंजीव उमर!"

"अगं बाई!" फुलाबाई पदराआडून किंचाळल्या.

जोडी लागली. प्रमुख पाहुणे दोनशे माणसांदेखत, हां हां म्हणता आडवे झाले. दुसऱ्या डावात त्याहून लवकर. लोक हसू लागले. गोरक्षला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण काही वेळाने त्याला त्या हसण्यात वेगळाच सूर ऐकू आला. आजवर मेळाव्यामागून मेळाव्यात नापसंत झालेली सगळी लग्नाची मुलं खुर्च्या सोडून स्टेजपाशी आली होती. इतका वाईट हरणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता आणि त्यांना मोठा धीर आला होता.

"मला एकदा द्या ना," मागून आवाज आला. साडीचा पदर खोचून एक मुलगी पुढे आली. स्वभाव शांत, आवड रांगोळी.

तिने पैलवान निवडला, गोरक्षला कोपऱ्यात दाबला आणि उठूच दिलं नाही. मग तिने उमरलाही घाम फोडला. उमर जेमतेम जिंकला आणि फेटा काढून कपाळ पुसू लागला.

"तुम्हाला येतं?" गोरक्षने विचारलं.

"भावाकडून शिकले. मी जिंकायला लागल्यापासून तो खेळत नाही. मला वाटतं, तुमचा व्हिडिओ शेवटपर्यंत फक्त मीच बघितलाय," हर्षाली म्हणाली. "जे करू नका म्हणून सांगता, नेमकं तेच तुम्ही करता."

"शिकवताना उदाहरण नको?"

ती हसली. "केव्हापासून मी खेळायला माणूस शोधतेय. घरच्यांना वाटतं, नवरा शोधतेय."

जेवण थंड झालं, आचारी ओरडून थकला, पण स्टेजवरून कुणी हलेना. शेवटी आप्पांनी वायर काढली. जाताना त्यांनी उमरच्या हातात नारळ ठेवला, खांद्यावर शाल घातली आणि त्याला समाजभूषण म्हणून जाहीर केलं. कुठला समाज, हे त्यांनीही सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

घरी फुलाबाई दोन दिवस गोरक्षशी बोलल्या नाहीत. वाढताना वरणाचा डाव तेवढा जोरात आपटत होत्या. समाजात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, हे त्या भिंतीला सांगत. गोरक्षला खरोखर वाईट वाटत होतं. आईची आशा मोडली होती, चॅनेलची हौस फिटली होती आणि उमरची सुरतेची तिकिटं आली होती. आपण समाज जोडायला निघालो आणि होता तोही घालवला, असं म्हणत त्याने गोधडी घडी करून पेटीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी फुलाबाईंचा मोबाइल वाजला. हर्षालीच्या वडिलांचा संदेश होता. फुलाबाईंनी धडपडत चष्मा लावला, देवाला हात जोडले आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीशी त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाइल गोरक्षपुढे सरकवला.

"घे, वाच तुझ्या कर्माची फळं."

गोरक्षने वाचलं, आणि एवढी मोठी उडी मारली की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला झाडूचा दांडा ठोकला.

"अरे, नकार कळवलाय त्यांनी!" फुलाबाई घाबरून म्हणाल्या. "डोक्यावर परिणाम झाला का तुझ्या?"

"खालचं वाच ना, आई!"

फुलाबाईंनी चष्मा सावरून पुन्हा वाचलं.

"मुलीला मुलगा पसंत नाही, क्षमस्व. पण ती आणि मेळाव्यातली इतर मुलं विचारताहेत, रविवारी खेळायला किती वाजता यायचं?"