धाकट्याचा पट्टा

सोमवारी सकाळी दालन उघडण्यापूर्वी धाकट्याची धूळ झटकताना थोरल्याच्या लक्षात आलं, की धाकट्याच्या कमरेचा पट्टा सैल झाला आहे. एरवी यात सांगण्यासारखं काही नाही. माणसं बारीक होतात, पट्टे सैल होतात. पण धाकटा मेणाचा होता.

थोरला म्हणजे मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयाचा पहारेकरी. वीस वर्षांपूर्वी एका मूर्तिकाराला लहर आली आणि त्याने या पहारेकऱ्याचाच पुतळा केला. तोच गणवेश, तीच टोपी, त्याच झुपकेदार मिशा आणि शर्टाच्या गुंड्यांचा अंत पाहणारं तेच पोट. मूर्तिकार प्रामाणिक होता. पोट त्याने चिंध्या कोंबून न करता भरीव मेणाचं केलं. तेव्हापासून मोठ्या दालनाच्या दाराशी उजव्या खुर्चीवर खरा पहारेकरी बसे आणि डाव्या खुर्चीवर मेणाचा. संग्रहालयातल्या लोकांनी एकाला थोरला आणि दुसऱ्याला धाकटा करून टाकलं होतं.

येणारे लोक हमखास धाकट्यालाच विचारत, "काय हो, स्वच्छतागृह कुठे आहे?" धाकटा गप्प. लोक पुन्हा विचारत, जरा आवाज चढवून. मग उजवीकडून थोरला शांतपणे म्हणे, "सरळ जाऊन डावीकडे. त्याला कमी ऐकू येतं." लोक जागच्या जागी उडत. या एका वाक्यावर थोरल्याने वीस वर्षं सुखात काढली होती.

आणि मग साहेबांचं परिपत्रक आलं. पहारेकऱ्यांच्या कमरेचा घेर अडतीस इंचांच्या आत हवा. दहा आठवड्यांनी डॉक्टर येऊन मोजतील. जो नियमात बसणार नाही, त्याची बदली तळघरातल्या गोदामात. गोदामात हातपाय मोडलेले पुतळे गोणपाटात बांधून ठेवलेले असत. तिथे ना खिडकी, ना माणूस. वाट विचारायला कोण येणार आणि दचकवायचं तरी कोणाला? थोरल्याच्या पोटात गोळा आला. आणि पोट बेचाळीस इंचांचं असल्यामुळे गोळाही तसाच आला.

त्या दिवसापासून त्याने पोटाला चिमटा घेतला. रात्री उकडलेला भोपळा, सकाळी काकडी, दुपारी सकाळच्या काकडीची आठवण. पाच आठवड्यांत नऊ किलो वजन उतरलं. गाल बसले, मान बारीक झाली, अंगठी बोटातून गळून पडायला लागली. बायकोने शिवणाची टेप त्याच्या पोटाभोवती फिरवली.

"बेचाळीस."

"नीट बघ."

"बेचाळीसच आहे. टेपचं काय तुमच्याशी वैर आहे?"

"अगं, पण नऊ किलो गेले कुठून?"

"तोंडावरून. आरशात बघा जरा, चेहऱ्याचं पार चिपाड झालंय. पोट आहे तिथंच आहे."

औषधाच्या दुकानदाराने त्याला धीर दिला होता, "पोट सगळ्यात शेवटी जातं." "माझ्या आधी जाईल ना?" असं थोरल्याने विचारलं, त्यावर दुकानदार नुसता हसला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, त्यातली गत.

अशात हा धाकट्याचा पट्टा. थोरल्याने तो एक भोक आवळला, पुन्हा सोडला आणि खिशातली टेप काढून मोजलं. एक्केचाळीस. साच्यातून काढलेला पुतळा वीस वर्षं बेचाळीस होता. बाकीची धूळ झटकायची तशीच राहिली.

पुढच्या सोमवारी धाकटा चाळीस भरला. त्याच्या पुढच्या सोमवारी एकोणचाळीस. थोरला दोन्ही वेळा बेचाळीस.

आधी त्याला संताप आला. उपाशी मी राहायचं आणि बारीक याने व्हायचं? पण संताप फार वेळ टिकला नाही. मेणाला ऊन सोसत नाही म्हणून दालनाच्या खिडक्यांना जाड पडदे होते, भर दुपारी आत संध्याकाळ असे. थंड हवेचं यंत्र मध्येच सुस्कारा टाके. त्या अंधुक उजेडात धाकटा समोर बघत बसलेला असे, आणि थोरल्याला वाटे, याच्या काचेच्या डोळ्यांत काल नव्हतं असं काहीतरी आज आहे. हलकं झाल्यावर माणसाला वाटतं तसं काहीतरी. त्याने आपली खुर्ची हातभर लांब सरकवली.

त्याच वेळी मेणबाई आतून आल्या. पुतळ्यांची डागडुजी त्या करत. हातात एक ताजं, गुलाबी नाक होतं.

"या महिन्यातलं सातवं," त्या म्हणाल्या. "शाळेची सहल आली की नाकंच उपटतात मेली. आणि मेणाचा माझा अर्ज तीन महिने साहेबांच्या टेबलावर पडलाय. तुम्हाला काय झालं? घाम का फुटलाय?"

"मेणबाई, पुतळे बारीक होतात का हो?"

मेणबाईंच्या हातातलं नाक निसटता निसटता राहिलं. "काहीतरीच काय," असं म्हणून त्या घाईघाईने निघून गेल्या. थोरल्याला वाटलं, ही बाईसुद्धा घाबरली. म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.

रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "सोपं आहे. उद्या माझ्या भाचीचा वाढदिवस. पोटभर केक खा, आणि परवा त्याला मोजा. तुमच्या खाण्याशी त्याचा संबंध असेल तर कळेल. नसेल तर माझ्यामागची ही भुणभुण थांबेल."

रविवारी थोरल्याने केकचे चार तुकडे खाल्ले. पाचवा भाचीच्या ताटलीतला होता, तोही खाल्ला. सोमवारी सकाळी त्याने धाकट्याला टेप लावली. बेचाळीस. पोट गुबगुबीत, पट्टा तट्ट.

थोरल्याची पाचावर धारण बसली. संध्याकाळी तो बायकोला म्हणाला, "बेचाळीस!"

"तुम्ही?"

"तो! मी केक खाल्ला आणि त्याचं पोट वाढलं!"

आता मात्र बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. "म्हणजे खायचं तुम्ही आणि भरायचं त्याचं?" ती हळूच म्हणाली. मग दाराची कडी लागली आहे की नाही ते तिने जाऊन पाहिलं.

पुढचे तीन दिवस थोरल्याने निव्वळ काकडीवर काढले. गुरुवारी तपासणी. बुधवारी धाकटा अडतीसला आला होता. थोरल्याने स्वतःला मोजलंच नाही; मोजायची गरज नव्हती. दालनात कोणी नाही असं बघून तो धाकट्यासमोर उभा राहिला.

"हे बघ," तो दबक्या आवाजात म्हणाला, "वीस वर्षं तुझी धूळ झटकली. टोपी सरळ केली. एका पोराने तुझ्या नाकात पेन्सिल घातली तेव्हा मीच काढली की नाही? उद्या मला तळघरात टाकतील. तुझ्याशेजारी कोणीतरी नवा येईल. तो तुला धाकटा म्हणणार नाही, नुसता पुतळा म्हणेल. तुझं हे बारीक होणं मला दे. चार इंच. फक्त उद्यापुरते." वीस वर्षांत त्याने बायकोजवळसुद्धा इतकी गयावया केली नव्हती.

धाकट्याच्या खुर्चीतून 'टक्' असा आवाज आला. थोरला तिथून जो निघाला, तो थेट रस्त्यावर पोचल्यावर थांबला.

बायको व्यवहारी होती. तिने जुन्या चादरीची सहा हात लांब पट्टी फाडून दिली. "भुतांचं भूत बघून घेईल," ती म्हणाली. "तुम्ही हे पोटाला घट्ट गुंडाळा आणि डॉक्टर जाईपर्यंत श्वास घेऊ नका."

गुरुवारी डॉक्टर अकराला येणार होते. साडेदहाला थोरला स्वच्छतागृहात गेला. पट्टीचं एक टोक त्याने नळाला बांधलं, दुसरं पोटावर धरलं, आणि स्वतःभोवती गिरक्या घेत तो नळाकडे सरकायला लागला. युक्ती चांगली होती. पण उपाशी माणसाने गिरक्या घेऊ नयेत. चौथ्या गिरकीला त्याला गरगरलं, पाचवीला डावा हात पट्टीच्या आत गेला, आणि सहावीला नळ सुटला. पाण्याने पट्टी भिजली. भिजलेली गाठ काही केल्या सुटेना. बाहेरून कोणीतरी दार वाजवलं, तेव्हा थोरला नळाला बांधलेल्या स्थितीत "आत माणूस आहे" एवढंच बोलू शकला.

गाठ दातांनी सोडून तो बाहेर आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. ओलाचिंब शर्ट, एक हात अजून गुंडाळलेला. दालनाच्या दाराशी मेणबाई एकट्याच उभ्या होत्या. त्यांच्या हातात एक कागद होता आणि चेहरा त्या कागदासारखाच झाला होता.

"डॉक्टर?" थोरल्याने विचारलं.

"गेले. लवकर आले होते. दुपारपर्यंत आणखी सहा कचेऱ्या मोजायच्यात म्हणाले."

थोरला मटकन खुर्चीत बसला. "संपलं. गोदाम."

"संपलं नाही. तुमची तपासणी झाली."

"माझी? मी तर नळाला होतो!"

मेणबाईंनी डावीकडे बघितलं. थोरल्यानेही बघितलं. धाकटा टोपी सरळ घालून, समोर बघत बसला होता.

"मी आतून पाहिलं," मेणबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी याला टेप लावली. 'शाब्बास,' म्हणाले, 'बाकीचे सगळे पोट आत ओढतात, तुम्हीच एक प्रामाणिक.' मी थांबवणार होते हो. पण मला तुमच्याकडे बघून आधीच अपराध्यासारखं वाटत होतं."

"तुम्हाला का?"

"याच्या पोटातलं मेण मीच काढत होते," मेणबाई एका दमात बोलल्या. "साहेब मेण मंजूर करीनात आणि नाकं तर लावायलाच हवीत. याचं पोट भरीव, वरून शर्ट, कोणाला कळणार! आठवड्याला एकेक थर खरवडला. मागच्या शनिवारी साहेबांची फेरी होती, तेव्हा पोट दिसायला हवं म्हणून माझा टॉवेल कोंबला. मंगळवारी परत नेला. टॉवेल घरचा होता."

थोरल्याच्या जिवात जीव आला. म्हणजे केकचा संबंध नव्हता. भूत नव्हतं, करणी नव्हती. दालनात नुसतं एकाचं पोट दुसऱ्याच्या नाकाला लावणं चाललं होतं. तो कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसला, आणि ओल्या पट्टीमुळे हसताना त्याला कळ आली.

"आणि काल खुर्ची वाजली ती?"

"पोट हलकं झाल्यावर लाकूड वाजणारच. वाचा तरी काय लिहिलंय."

थोरल्याने कागद घेतला. कमर साडेसदतीस, पात्र. हात थंड. रंग मेणचट. अशक्तपणा फार, जेवण ताबडतोब वाढवावे. हे वाक्य त्याने दोनदा वाचलं, कारण इतकं गोड वाक्य त्याने दहा आठवड्यांत वाचलं नव्हतं. मग त्याची नजर खालच्या ओळीवर गेली आणि हसू थांबलं.

"मेणबाई, नाडीपुढे शंभर लिहिलंय."

"काय?"

"'नाडी शंभर, जलद. तपासणीला घाबरलेला दिसतो.'"

मेणबाई जवळ आल्या. "डॉक्टर घाईत होते. काहीबाही लिहिलं असेल."

"काहीबाही लिहायचं तर माणूस बहात्तर लिहितो."

"मनगट धरून घड्याळाकडे बघत होते खरे," मेणबाई म्हणाल्या. "चांगले मिनिटभर. मला वाटलं, आता कळणार. पण मान हलवून त्यांनी लिहून घेतलं."

थंड हवेच्या यंत्राने सुस्कारा टाकला. थोरला उठला, धाकट्याजवळ गेला आणि त्याने त्याच्या कमरेचा पट्टा एक भोक सैल केला.

"झालं रे," तो त्याच्या कानाशी म्हणाला. "झाली तपासणी. पास झालो आपण."

मग त्याने धाकट्याचं मनगट दोन बोटांत धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो मिनिटभर उभा राहिला. मेणबाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या.

"लागतंय का काही?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

थोरल्याने मनगट अलगद धाकट्याच्या मांडीवर ठेवलं.

"उतरली आता," तो म्हणाला. "बहात्तर आहे."