लिंबाजीरावांचं थोरलं शीड

"वारं मला इचारल्याबिगर हलत न्हाई!"

लिंबाजीरावांनी बोट तोंडात घालून ओलं केलं, हवेत धरलं आणि अख्ख्या तलावाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. ऐकायला तलावावर होतं कोण म्हणा! चार बगळे, एक म्हैस आणि बाभळीच्या सावलीत बसलेल्या त्यांच्या पत्नी पंचशीलाबाई. बगळे आणि म्हैस काही बोलले नाहीत. पंचशीलाबाई बोलल्या.

"मागल्या साली तुमचा खांदा निखळला, तवा इचारलं होतं का त्यानं?"

लिंबाजीरावांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण नौदलात उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या माणसाला सोयीचं तेवढंच ऐकायची कला आपोआप येते.

हे गृहस्थ वडसांगवीचे. इथल्या पोरांना समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात भेटतो. लिंबाजीराव नौदलात लागले, पुढे तिथंच फळीवरून शीड हाकण्याचा खेळ शिकले आणि शर्यतीही जिंकले. निवृत्त होऊन परत आले तेव्हा भावकीला वाटलं, हा आता बंगला बांधणार, नाहीतर जीप आणणार. त्यांनी टेम्पोच्या टपावर बांधून आणली एक लांबलचक फळी! सरजाबाई शेजारीण म्हणाली, "दार घडवायला आणली का वो फळी? पर बाकीचं घर कुठंय?"

खेळ तसा सांगायला सोपा. फळीवर उभं राहायचं. फळीवर डोलकाठी, डोलकाठीला शीड, शिडाला आडवी दांडी. ती दांडी दोन्ही हातांनी धरायची आणि बाकी सगळं वाऱ्यावर सोडायचं! पंचशीलाबाईंना संसाराची आठ-नऊ वर्षं नवऱ्याच्या बदल्यांपायी वाऱ्यावर काढायची सवय होती, म्हणून त्यांनी हेही चालवून घेतलं.

शिडं तीन. त्यांची बारशी पंचशीलाबाईंनीच केलेली: थोरलं, मधलं आणि धाकटं. नियम मात्र उफराटा. वारं मरतुकडं असेल तर थोरलं, वारं दांडगं असेल तर धाकटं. गावाला हे कधीच पटलं नाही. दांडग्या गड्यासमोर बारकं पोरगं उभं करायचं, ही कुठली रीत! पण पंचशीलाबाईंना पुरतं पटलं होतं. मागच्या साली लिंबाजीरावांनी दांडग्या वाऱ्यात हट्टानं थोरलं लावलं होतं आणि खांदा घेऊन दवाखान्यात पडून राहिले होते.

त्यात सलग दुसऱ्या साली पावसानं दगा दिलेला. तलाव आटत आटत निम्म्याच्या खाली आला. धरणात बुडालेल्या जुन्या गावाचे विजेचे खांब पाण्यातून माना वर काढून उभे राहिले. पलीकडच्या काठावर मोघाळीकरांची चारा छावणी पडली. सगळा मुलूख आभाळात ढग शोधत होता, आणि हा गडी आपला वारं शोधत होता! लोक म्हणायचे, लिंबाजीरावाचं डोकं फिरलं. पंचशीलाबाई बाहेर म्हणायच्या, "व्हय, फिरलंय." आणि घरात आल्या की शिडाच्या उसवलेल्या शिवणीला आपल्या हातानं दुहेरी टाका घालायच्या.

आता यात जिल्हा कुठून आला, ते सांगतो.

लातूर आणि नांदेडचे चार-दोन तालुके तोडून नवा जिल्हा होणार, अशी आवई उठली होती. अलीकडं लातूरच्या हद्दीत वडसांगवी, पलीकडं नांदेडच्या हद्दीत मोघाळी, मध्ये तलाव. जिल्ह्याचं ठाणं कुठं, यावरून दोन्ही गावांत अशी जुंपली होती की सोयरिकी अडकून पडल्या. मुंबईहून एक अधिकारी बाई पाहणीला येणार असं कळलं, तसे वडसांगवीच्या कृती समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब जोमात आले. अर्ज भरताना त्यांनी 'पर्यटन' या रकान्यात बिनदिक्कत ठोकून दिलं होतं: अद्ययावत जलक्रीडा केंद्र!

हे केंद्र म्हणजे कोण, तर लिंबाजीराव.

"लिंबाजीराव, जयभीम!" आप्पासाहेब अंगणात येऊन खुर्चीत बसले. "जिल्ह्याची इज्जत आता तुमच्या फळीवर हाय! शुक्रवारी म्याडम येऊन राहिल्या. एक चक्कर मारून दावा."

"एक कामून? धा मारतो!"

"आन् शिडावर घोषणा लिवू. लांबून दिसाया पायजे."

मोठी अक्षरं मावायला मोठंच शीड हवं. जयंतीच्या कमानीचा निळा रंग उरला होता. त्या रंगात थोरल्या शिडावर अक्षरं उतरली: 'वडसांगवी जिल्हा झालाच पाहिजे!'

पंचशीलाबाई इतका वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"माझी एक अट हाय. शुक्रवारी ह्यांना पाण्यात जाऊ देते. पर पडले, तर ती फळी घरात ठिवायची न्हाई. फळीवर धुणं धुईन आन् शिडाची ताडपत्री करीन. कबूल?"

लिंबाजीरावांनी बायकोकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती. दवाखान्यातल्या त्या रात्री तिनं कशा काढल्या, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. आणि फळी गेली तर आपण कसे जगू, हे मात्र त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं.

"कबूल," ते म्हणाले. आवाज पहिल्यांदाच बारीक निघाला.

तर सुरुवातीला सांगितला, तो हा गुरुवार. म्हणजे रंगीत तालीम. लिंबाजीराव पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी आणि भोकं पडलेली बनियन घालून काठावर आले. दुपारपासून वारं तापून दांडगं झालेलं. म्हणून त्यांनी शहाण्यासारखं धाकटं शीड चढवलं आणि गाठी आवळायला घेतल्या.

इतक्यात पंचशीलाबाईंचा मोबाइल वाजला. आप्पासाहेब!

"हालो, वहिनी! ...वार ...बदल... हालो! ...थोरलं लावा म्हणावं! ...जल्दी!"

मोबाइलमध्ये आप्पासाहेब कमी आणि घोंगावणं जास्त. मग फोन बंदच पडला.

"काय म्हणून राहिले?" लिंबाजीरावांनी विचारलं.

"वारं बदललं म्हणत्यात. थोरलं लावा म्हणत्यात, जल्दी."

"आप्पासाहेब? त्यांला वाऱ्यातलं काय कळतंय?"

पण त्यांनी बोट ओलं केलं, हवेत धरलं, आणि काय आश्चर्य! वारं खरंच पडलं होतं! बाभळीचं पान हलत नव्हतं. मघाशी घोंगावत होतं ते कुठल्या कुठं गेलं.

"आगं, बरोबर हाय की! माणूस शिकला म्हणायचा!" लिंबाजीराव हरखले. धाकटं उतरलं, थोरलं चढलं. निळी अक्षरं उन्हात झळकली. लिंबाजीराव फळीवर चढले आणि दुपारच्या झोपेतून उठलेल्या म्हशीसारखी फळी हळूहळू खोल पाण्याकडं निघाली.

त्याच वेळी धुरळा उडवत एक जीप आली. आप्पासाहेब जीप थांबायच्या आत उतरले.

"वहिनी! झाले का तयार? पाहुणे मोघाळीत पोचले बी!"

"कुठले पाहुणे? ते तर शुक्रवारी..."

"आवो, तेच तर फोनवर सांगितलं! वार बदलला! शुक्रवारचा गुरुवार झाला! आज!"

पंचशीलाबाईंनी तलावाकडं बघितलं. "वार... व्हय? मी वारं समजले!"

आणि वाऱ्यालाही हे आत्ताच कळल्यासारखं ते पश्चिमेकडून उठलं! आभाळ तांबूस झालं. पाऊस आणायची ताकद नाही, पण धुरळा, पाचोळा, कुणाच्या तरी छपराचा पत्रा, असं हाताला लागेल ते घेऊन आलेलं वळवाचं कोरडं वारं. आणि त्याच्यापुढं लिंबाजीरावांनी उभं केलेलं सगळ्यात मोठं शीड!

"आवो, सोडा! दांडी सोडा!" पंचशीलाबाई पाण्यात गुडघाभर शिरून ओरडल्या. दांडी सोडली की शीड आडवं पडतं, माणूस पाण्यात पडतो आणि वाचतो. हे त्यांना माहीत होतं. दांडी सोडली की फळी जाते, हेही माहीत होतं. ते तर त्यांनीच ठरवलं होतं!

लिंबाजीरावांनी दांडी सोडली नाही.

ते मागं झुकले. इतके, की पाठ पाण्याला टेकते की काय! फळीनं पाण्यावरून अशी उडी घेतली की बगळे उडाले आणि मागंच राहिले. समोर जुन्या गावाचे खांब. "गेले!" आप्पासाहेबांनी डोक्याला हात लावला. पण साठी कधीच ओलांडलेल्या त्या माणसानं पायाच्या नुसत्या चवड्यानं फळी कलती केली, पहिला खांब डावीकडं टाकला, दुसरा उजवीकडं, तिसऱ्याला तर शीड घासून गेलं असेल. कुठं धसमुसळेपणा नाही, कुठं घाई नाही. धुरळ्यातून ते निळं अक्षर दिसायचं, दिसेनासं व्हायचं, परत दिसायचं.

पंचशीलाबाई पाण्यात तशाच उभ्या राहून बघत राहिल्या. किती सुंदर दिसत होता हा माणूस! घरात चहाची बशी धरताना ज्याचा हात थरथरतो, तो हा? त्यांना भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या वर मावणार नाही इतका अभिमान वाटत होता. डोळ्यांत धुरळा गेला, तरी त्यांनी पापणी लवू दिली नाही.

"जीपमध्ये बसा, वहिनी!" आप्पासाहेब म्हणाले, आणि जीप धरणाच्या भिंतीवरून पलीकडं सुटली.

पलीकडं काय झालं, ते छावणीतल्या बायकांनी मागाहून हावभावांसकट सांगितलं. मोघाळीचे पुढारी गुरुबसप्पा अधिकारी बाईंना छावणी दाखवत होते. तेवढ्यात तलावातून एक निळंपांढरं वादळ आलं. काठाशी पाणी वीतभर आणि खाली गाळ. फळीखालचं पातं गाळात रुतलं, फळी जागच्या जागी थांबली. लिंबाजीराव थांबले नाहीत! ते हवेतून आले आणि जनावरांसाठी रचलेल्या उसाच्या वाढ्यांच्या ढिगात खांद्यापर्यंत घुसले. तीन बैलांनी दावी तोडली. लिंबाजीराव ढिगातून बाहेर आले, पट्ट्यांची चड्डी सावरली, टाचा जुळवल्या आणि बाईंना कडक सलाम ठोकला!

"बर्री, बर्री! या, या, लिंबाजीराव!" गुरुबसप्पा धावले. शीड गाळात पालथं पडून 'वडसांगवी' पुसलं गेलं होतं आणि उरलं होतं फक्त 'जिल्हा झालाच पाहिजे!' गुरुबसप्पांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "म्याडम, हे आमच्या मोघाळीचं जलक्रीडा केंद्र!"

जीप पोचली तेव्हा लिंबाजीरावांच्या गळ्यात मोघाळीचा हार होता आणि बाई त्यांच्याबरोबर फोटो काढून घेत होत्या.

"खोटं! साफ खोटं!" आप्पासाहेब गरजले. "माणूस आमचा हाय! फळी आमची हाय!"

"उतरला कुठं, ते बघा की!" गुरुबसप्पा म्हणाले.

बाईंनी हसू दाबत विचारलं, "काका, तुम्ही नेमके कुठले?"

"म्याडम, जिकडं वारं नेईल, तिकडला," लिंबाजीराव म्हणाले, आणि त्यांची नजर पंचशीलाबाईंवर पडली. चेहरा उतरला. केसांत उसाची पानं, गळ्यात हार, आणि डोळे शाळेत निकाल ऐकायला उभ्या पोरासारखे.

"पडले की वो, वहिनी!" आप्पासाहेबांनी सगळा राग तिथं काढला. "अट तुमचीच होती! करा आता त्या शिडाची ताडपत्री!"

पंचशीलाबाई पुढं गेल्या. आधी त्यांनी नवऱ्याचा खांदा चाचपला, दाबला, हात वर-खाली करून बघितला. मग त्या आप्पासाहेबांकडं वळल्या.

"पाण्यात पडल्यावर माणूस भिजतो. हात लावून बघा. बनियन कोरडी खडंग हाय. ह्याला पडणं म्हणत न्हाईत. ह्याला उतरणं म्हणत्यात. फळी घरी जाईल!"

लिंबाजीरावांनी अधिकारी बाईंना आणखी एक सलाम ठोकला.

जिल्ह्याचं पुढं काय झालं म्हणता? काही नाही. आवई विरली, तलाव तेवढा दोन्ही गावांत राहिला.

त्या संध्याकाळी चाऱ्याच्या रिकाम्या टेम्पोत फळी आडवी टाकून दोघं घरी निघाली. वारं पडलं होतं. लिंबाजीराव केसांतली उसाची पानं काढत होते. शेवटी राहवेना.

"पंचशीला, खरं सांग. खांबाजवळ कसा दिसून राहिलो होतो गं?"

आता एवढं कौतुक पोटात असताना सरळ सांगायला काय हरकत होती! पण बाई माणूस, तोंडावर कसं म्हणावं? शिवाय इतकं चढवलं तर हा माणूस उद्या घरात राहील का? म्हणून त्या बाहेर बघत ठसक्यात म्हणाल्या,

"मला काय म्हाईत! भ्यानं डोळे मिटून घेतले होते मी. कायबी बघितलं न्हाई."

लिंबाजीराव ताडकन सरळ होऊन बसले.

"न्हाई बघितलं? काहीच? आरारारा! मग असं कर, उद्या परत ये. पहिल्यापासनं दावतो!"