ढोबळे काकाजींचा जुना नंबर

फोन उचलला की ढोबळे काकाजी ‘हॅलो’ म्हणत नसत. विचारत, “कोण गेलं?”

आता पलीकडचा माणूस बिचारा ‘मुलगी बघायला कधी येऊ’ म्हणून फोन करतो, आणि त्याला पहिलाच प्रश्न हा! पण काकाजींचं पक्कं मत होतं, की चांगली बातमी पत्राने येते, फोन वाजतो तो वाईटासाठीच. नागपुरात हनुमाननगरच्या आमच्या गल्लीत त्या काळी फोन एकच, तोही नेमका या माणसाकडे. घंटी वाजली की ते आधी सदऱ्याची सगळी बटणं लावत, डोक्यावर टोपी घालत आणि मगच रिसीव्हर उचलत. वाईट बातमी उघड्या डोक्याने ऐकू नये म्हणे! फोन आमच्यापैकी कोणाचा असला तर पांढऱ्याफटक चेहऱ्याने बोलवायला येत. एकदा माझ्या भावाला नोकरी लागल्याचा फोन आला होता. काकाजींचं तोंड बघून आमच्या आईने रडायलाच सुरुवात केली.

जन्म जंगल खात्यात काढलेला माणूस. वाघाची गोष्ट सांगताना आरामात चहा फुंकून प्यायचा, आणि टेबलावरच्या त्या काळ्या डब्ब्याला टरकायचा. मी तशी फटकळ. म्हटलं, “काकाजी, एवढी भीती वाटते तर काढून टाका ना तो फोन!”

“नाही वं बाई. शशीनं घ्याले लावला तो.”

शशी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. बायको आधीच वारलेली. फोन लागला आणि थोड्याच दिवसांत शशीने स्वतःच्या मनाने लग्न केलं. लोक काय म्हणतील या भीतीने काकाजी बोलू नये ते बोलले. ‘या घरात पाय ठेवू नको’ म्हणाले. तिने ठेवला नाही.

मग शहरात नवीन टेलिफोन एक्स्चेंज झालं आणि लाइनमन सांगायला आला, की काकाजी, तुमचा नंबर बदलला.

“डब्बा तोच, तार तीच, मंग नंबर काहून बदलला?” काकाजींनी फोन उलटा करून बघितला.

“नंबर डब्ब्यात नसते, काकाजी. तो तिकडं एक्स्चेंजमधी देतात. तुमच्या तारेले आता दुसरा भेटला.”

“आन् माहा जुना?”

“देऊन देतील कोणालेही.”

काकाजींनी टोपी घातली आणि सदऱ्याची बटणं लावायला घेतली. मला हसूच आलं. नंबरच तो, जहागीर गेली की काय? पण ते एकच बटण पुन्हा पुन्हा चुकीच्या काजात घालत होते, ते बघून मीही घाबरले.

त्यानंतर काकाजी रोज दुपारी गायब व्हायला लागले, आणि परत येताना हातात टॉवेल! एकटा माणूस, किती अंग पुसणार? गल्लीभर टॉवेल वाटून झाले. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आम्ही सगळे कुजबुजत होतो.

एकदा मी गांधीबागेत कापड घ्यायला गेले, तर एका दुकानाच्या गादीवर काकाजी बसलेले. टोपी घालून, फोनजवळ. शेठ मला म्हणाला, “बहनजी, ये आपके हैं क्या? पहले दिन इन्होंने फोन करके पूछा, कौन गया! मैं तो डर गया।”

काकाजींचा जुना नंबर या दुकानाला मिळाला होता. काकाजींनी घरून तो फिरवून पाहिला, पत्ता काढला आणि येऊन बसायला लागले. टॉवेल हे निमित्त.

“आधी घरी शशीचा फोन येत जाय वं,” ते हळूच म्हणाले. “बोले नाही ती. ‘कोण गेलं’ इतकं विचारलं का मंग मीबी बोलो नाही. बोललो आन् तिनं ठेवून देला तं? दोघंही नुसते धरून राहू. आता इथं परका आवाज ऐकून तिले वाटन, बाप मेला.”

“बोलत नाही, मग शशीच कशावरून?”

“बापाले समजते.”

“अहो, मग फोन आला की नवा नंबर सांगून टाका!”

“सांगतला, आन् तरी तिनं नाहीच केला तं?” काकाजी म्हणाले. “आता निदान म्हणता येते, नंबर बदलला म्हणून येत नाही.”

मीही एक टॉवेल घेतला आणि त्यांच्या शेजारी बसले.

मी शाळेत शिकवायची; मग शाळा सुटली की मीही रोज तिथे जाऊन बसायला लागले. आमच्याही घरात टॉवेल साठले. दिवाळीच्या तोंडावर दुकानात ही गर्दी, आणि फोन वाजला. शेठने ‘बोलो, बोलो’ करून पाहिलं आणि रिसीव्हर काकाजींपुढे धरला. “कोई बोल ही नहीं रहा।”

काकाजींनी तो दोन्ही हातांनी धरला. मी शेजारी कान लावून देवाचा धावा करून राहिले होते.

“शशे, ठेवू नको,” ते एकदम म्हणाले. “नंबर बदलला आपला. सांगून राहिलो.” आणि त्यांनी एकेक आकडा सांगितला, थांबत थांबत. शेवटचाही सांगून झाला. पलीकडून काहीच नाही. गेलं सगळं, असं मला वाटलं.

मग बारीक आवाज आला. “बाबा… आधी दोन, मग सहा ना?” आणि तिने अख्खा नंबर म्हणून दाखवला.

काकाजी नुसतीच मान हलवत होते.

“अहो, मान काय हलवता? तिला दिसते का? बोला!” मी खेकसले.

“बरोबर हाय,” काकाजी म्हणाले. “आखीन एकदा म्हण.”