पडदा स्पष्ट दिसतो काय?

आधीच सांगतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. परवा बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाच्या, क्लबात सांगितलं तेव्हाही कोणाचा बसला नाही, आणि तिथे तर सगळे मला चाळीस वर्षं ओळखतात. कदाचित म्हणूनच.

मी जन्मांध. टास्मानियातल्या आमच्या गावच्या नगरपालिकेत तक्रार विभाग सांभाळत होतो. कीबोर्डला लागून ब्रेलची पट्टी: चाळीस घरं, घराघरात बारीक खुंट्या. संगणकातली ओळ स्क्रीन रीडर पट्टीला कळवायचा, खुंट्या वर यायच्या, मी बोटांनी वाचायचो. स्क्रीन रीडरला बोलताही येतं. पण त्यामुळे आगीचा भोंगा ऐकू येणार नाही, म्हणून त्याचं तोंड नियमानुसार बंद. पडदा मी बावीस वर्षांत एकदाही सुरू केला नव्हता.

मग सुरक्षा अधिकारी लेस्टर पिम तपासणीचा फॉर्म घेऊन आला. प्रश्न सातवा: 'कर्मचाऱ्यास पडदा स्पष्ट दिसतो काय?' मी म्हणालो, नाही.

'नाही' आलं की सुधारणा बंधनकारक. सोमवारी मोठा पडदा आला. दिसतो काय? नाही. गुरुवारी त्याच्या दुप्पट. नाही. पुढच्या आठवड्यात भिंत पाडून सिनेमागृहाचा बसवला. त्याच्या झळाळीने करवसुलीतल्या बायका गॉगल लावून बसू लागल्या. लेस्टर रडकुंडीला आला.

"टली, एकदा 'हो' म्हण ना गड्या. तुझं काय जातंय?"

मी 'हो' म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पट्टी गेली. ज्यास पडदा स्पष्ट दिसतो त्यास ब्रेलची पट्टी देणे हा नियमबाह्य लाभ होय, असं पत्र होतं. मला वाचता येईना म्हणून लेस्टरनेच ते वाचून दाखवलं. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

मी तक्रार केली. ती रीतसर तक्रार विभागाकडे, म्हणजे माझ्याच टेबलावर आली. वाचणार कशी? तिच्यावर तुंबलेल्या गटारांच्या, न आलेल्या कचरागाड्यांच्या तक्रारी साचत गेल्या. महिनाभर एकही नोंदली न गेल्यामुळे अहवालात आलं: 'तक्रारी शून्य'. पालिकेला उत्तम सेवेची ढाल मिळाली. आणि तक्रारीच नाहीत तर कारकून कशाला, म्हणून माझी जागा रद्द करायचं ठरलं. निवृत्तीला तीन वर्षं होती.

"शेवटी," मी क्लबात ग्लास खाली ठेवत म्हणालो, "चौघांची समिती बसली. नियमावलीची अडुसष्ट पानं त्यांनी ओळन् ओळ वाचली, चूक ओळखली, आणि पट्टी परत दिली."

नोएलीन त्या समितीची कारकून होती. ती इतका वेळ खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक खात होती. भिंतीएवढा पडदासुद्धा तिने मुकाट्याने गिळला होता.

"थापा मारतोस, टली. वाचली म्हणे. पट्टी परत द्यायचा हुकूम मी त्यांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात घुसवला होता. चौघांनीही 'वाचले, समजले, मान्य' वर खूण केली. इथे बसलेल्यांपैकी कोणी कधी वाचून केलीय?"