साक्षर स्त्रिया : चार

अण्णाराव गुरुजींनी मागच्या जनगणनेत केलेली चूक इतक्या वर्षांनी एका मंगळवारी सकाळी, बशीत चहा असतानाच, नातीच्या मोबाइलवर उघडी पडली.

मंजुश्री कलबुर्गीला शिकत होती. कॉलेजनं आपापल्या गावाच्या आकडेवारीवर निबंध मागितला होता. पूर्वी हे आकडे जाड पुस्तकात असत आणि पुस्तक जिल्ह्याच्या कचेरीत, कपाटात. अर्ज केल्याशिवाय ते दिसत नसे आणि अर्ज कुणी करत नसे. आता तिनं दोनदा बोट दाबलं, भालकी तालुका उघडला आणि त्याखाली एकोणीस घरांची कोनाळवाडी.

“अज्जा, साक्षर बायका चारच?”

“असतील. मीच मोजलंय. एक घर सोडलं न्हाई.”

“चार म्हणजे तवा शाळेत जाणाऱ्या आम्ही चार पोरीच की. मग अज्जी?”

सुशीलाबाई भाकरी थापायच्या थांबल्या. “मी कुठं गेले?”

गुरुजींनी बशी खाली ठेवली.

सुशीलाबाई उदगीरच्या, सातवी पास. वाडीतल्या बहुतेक सुना अशाच सीमेपलीकडच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. गुरुजी तेव्हा कन्नड शाळेचे मुख्याध्यापक. कर्नाटकातली मोजणी म्हणजे वाचता यायचं ते कन्नडच, असं त्यांनी धरून चाललं होतं. ‘कोणत्याही भाषेत’ असं सूचनांमध्ये छापलेलं होतं. ते पान त्यांनी वाचलं नव्हतं.

“त्यात नाव कुणाचंच न्हाई,” ते म्हणाले. “नावं गुप्त असत्यात.”

“एकोणीस घरांत नाव कशाला लागतंय?” मंजुश्री म्हणाली. “वजाबाकी पुरे.”

दुपारपर्यंत तो तक्ता वाडीतल्या सगळ्या मोबाइलवर फिरला. शेजारच्या भागाबाई उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“गुरुजी, मोजायला आलाव तवा मी ओट्यावर पोथी वाचायले होते. ‘चांगलं वाचतीस’ म्हणलाव. अन् कागदावर अडाणी?”

“चूक झाली, बाई.”

“मग दुरुस्त करा.”

“ते आता दुरुस्त होत न्हाई.”

“व्हय का? मग ऱ्हाऊ द्या. सरकारापेक्षा आमाला काय जास्त कळतंय!”

डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून गुरुजींना अक्षर दिसत नव्हतं. लातूरचा पेपर सुशीलाबाई वाचून दाखवत, गोळ्यांच्या पाकिटावरची नावंही. त्या संध्याकाळी पेपर घडी न मोडता खुंटीवरच्या पिशवीत गेला.

“वाचायलीस ना?”

“मला कुठं वाचता येतंय?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. गुरुजींना त्याचीच भीती वाटली.

“ही रक्तदाबाची गोळी का?”

“गोल हाय. पांढरी हाय. पुढचं शिकलेल्या माणसानं बघावं.”

शुक्रवारी ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे भालकीला निघाले. फाट्यावर भागाबाई उभ्या होत्या. बस आली.

“बाई, पाटी कुठली?”

“निळी हाय.”

गुरुजी भालकीची समजून चढले, ती उदगीरची निघाली. कंडक्टरनं त्यांना पुढच्या पुलाशी उतरवलं आणि गुरुजी तीन किलोमीटर उन्हातून परत आले. त्या दिवशी डॉक्टरकडे जाणं राहिलंच. पुढच्या तारखेला डॉक्टर म्हणाले, “आता आहे तेवढंच सांभाळा.” घरी आल्यावर गुरुजींनी ते कुणाला सांगितलं नाही. सुशीलाबाईंनी विचारलंही नाही, पण पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताला लागेल असा सरकवून ठेवला.

मग नवी जनगणना आली. या खेपेला आपली माहिती आपणच मोबाइलवर भरायची सोय होती, भाषाही हवी ती. मंजुश्रीनं मराठी निवडून मोबाइल अज्जीच्या हातात दिला. सुशीलाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक प्रश्न मोठ्यानं, न अडखळता वाचला. इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून गुरुजींना बरं वाटलं. स्वतःच्या नावापुढं सुशीलाबाईंनी ‘साक्षर’ भरलं.

“आता तुमचं. समजून लिहिता-वाचता येतं का?”

“मला? तीस वर्षं शाळा चालवली मी!”

सुशीलाबाईंनी खुंटीवरचा पेपर काढून त्यांच्यासमोर धरला. गुरुजी बराच वेळ बघत राहिले. पेपर पांढरा होता, एवढं दिसत होतं.

“येतं,” ते हळूच म्हणाले.

सुशीलाबाईंनी पेपर घडी करून आपल्या मांडीवर ठेवला आणि मोबाइलवर बोट दाबलं.

“काय लिहिलीस?”

“नावं गुप्त असत्यात.”

“अगं, सांग की!”

“आकडे येतील की मोबाइलवर. सगळ्यांना दिसत्यात आता.”

गुरुजींनी चेहरा आवाजाच्या दिशेला वळवला. “अन् आल्यावर मला वाचून कोण दाखवणार?”

सुशीलाबाईंच्या मांडीवरच्या पेपरची घडी मोडल्याचा आवाज आला.