मावशीच्या पाल्याची चाचणी

"हलू नकोस गं, डोळ्यांत जाईल." कुंपणावरच्या वेलीचा पाला चुरडून गालांवर चोळताना मावशी रोज हेच म्हणायची. तो आवाज क्रीमच्या कंपनीत चाचण्या घेणाऱ्या चाचणीबाईंच्या कानांत तीस वर्षं टिकला. कंपनीचं कुठलंच क्रीम एवढं टिकलेलं नाही.

त्वचा हा माणसाचा सर्वांत मोठा अवयव असून त्याखालोखाल जाहिरात विभागाचा नंबर लागतो. म्हणून चाचणीबाईंच्या सहीशिवाय एकही अर्क बाटलीत शिरत नसे. यंदा त्यांनी मावशीचाच पाला सुचवला होता. आईमागे जिने वाढवलं, तिच्या पाल्याचं नाव व्हावं, एवढीच हौस.

चाचणी काटेकोर झाली. चाळीस बायका, सहा आठवडे. वीसजणींना अर्काचं क्रीम, वीसजणींना नुसतंच. कमीजास्त लागू नये म्हणून चाचणीबाई प्रत्येकीच्या गालांवर रोज स्वतःच्या हाताने चोळत, अगदी मावशीसारखं. (तिघी खुर्चीतच डुलक्या काढत. एक न चुकता रडे. तिची नोंद 'ओलाव्यात वाढ' या रकान्यात झाली.)

निकाल लागला. अर्कवाल्या नव्वद टक्के उजळल्या. नुसत्या क्रीमवाल्या पंच्याण्णव.

साहेबांनी शांत डोक्याने निष्कर्ष काढला, की अर्क इतका जालीम आहे की न लावताही लागू पडतो. आता सही तेवढी राहिली.

चाचणीबाई कागद घेऊन मावशीकडे गेल्या आणि त्या पाल्यात नक्की असतं तरी काय, म्हणून विचारलं. मावशी उशीचा अभ्रा शिवत होती. तिने सुई अभ्र्यात टोचून ठेवली.

"पाल्यात काय असणार? आई गेल्यावर तू कुणाला अंगाला हात लावू देईनास. औषध आहे म्हटलं, की तेवढा गाल पुढे करायचीस."

चाचणीबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि गाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अहवालात लिहिलं, 'अर्क निरुपयोगी. हात गुणकारी.' आणि खाली सही केली. कंपनीला सहीच हवी होती. शिवाय कंपनी शास्त्राला मानणारी, तिने अहवालातलं काहीच वाया घालवलं नाही. अर्क बाटलीत गेला, हात बाटलीवर: 'हलक्या हाताने दोन मिनिटं चोळावे.'

कुणाच्या हाताने, ते छापलेलं नाही. तुम्ही मात्र रोज सकाळी आरशासमोर आपलाच वापरता.